आजीची सात

आजीला कोणीही विचारलं ना, मुलं किती तुम्हाला, की ती "सात" म्हणायची. आम्ही मोजायचो तर पाचच. माझी आई, दोन मावश्या, दोन मामा. लहानपणी वाटायचं आजीचा हिशोब चुकतोय, मग एकदा आईनं सांगितलं की एक मेलेलंच जन्माला आलं होतं आणि एक बारा दिवसांचं होऊन गेलं, दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत म्हणून त्याला मळ्यातच पुरलं. बार्शीकडची गोष्ट, साठच्या दशकातली. आजी म्हणायची, "सात झाली की मला. पाच राहिली." एवढंच, त्याच्या पुढे एक शब्द नाही.

हे सगळं मला आठवलं 2016 साली, सोनोग्राफीच्या टेबलावर. दहावा आठवडा होता. डॉक्टरांनी प्रोब फिरवला, थांबल्या, परत फिरवला आणि मग स्क्रीन माझ्याकडून थोडी वळवून घेतली. ठोके नव्हते. सातव्या आठवड्यात त्याच स्क्रीनवर एक छोटासा ठिपका लुकलुकताना मी बघितला होता. दोन दिवसांनी पिशवी साफ केली, संध्याकाळी घरी पण आले.

त्यानंतरचे पंधरा दिवस लोक भेटायला येत होते आणि प्रत्येकाचं वाक्य तेच, "अगं अजून काही नव्हतंच त्यात, नुसता गोळा असतो एवढ्यात, मनाला लावून घेऊ नकोस." माणसं चांगली होती, मायेनं बोलत होती. पण हीच माणसं महिनाभरापूर्वी मला सांगत होती, "आता तू दोन जिवांची आहेस, जिना सावकाश चढ." मग दुसरा जीव होता की नव्हता? महिनाभरापूर्वी होता आणि आता कधी नव्हताच असं कसं होईल? मला खरा आधार दिला तो डॉक्टरांच्या एका वाक्यानं. दहातल्या एक-दोन गरोदरपणांत असं होतंच, तू काही चुकीचं केलेलं नाहीस, असं त्या म्हणाल्या.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे, माणसाचं आयुष्य नेमकं सुरू कधी होतं आणि त्याला मोल कधी येतं. जमेल तसं वाचत राहिले. सायन्स टप्पे सांगतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास हृदयाची हालचाल दिसायला लागते, चोविसाव्या आठवड्याच्या आसपास जन्मलेलं बाळ चांगल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, जगू शकतं. पण यातल्या कुठल्या टप्प्याला "आता हा माणूस झाला" म्हणायचं ते मशीन सांगत नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं. सुश्रुतसंहितेत चौथा महिना सांगितलाय. तेव्हा गर्भाचं हृदय व्यक्त होतं आणि बाई दोन हृदयांची होते, म्हणून तिच्या इच्छा मोडू नयेत, असं त्यात आहे. आपण डोहाळे पुरवतो त्याच्या मागे ही कल्पना आहे. म्हणजे बाळाचा जीव मानायचा, पण त्याची इच्छा कळणार आईच्या तोंडूनच! मला हे फार आवडलं.

कायद्यात पण एक रेघ नाहीये. 1860 च्या दंडसंहितेत गर्भपाताला शिक्षा होती आणि बाळ पोटात फिरायला लागलं असेल तर जास्त शिक्षा. 1956 चा हिंदू वारसा कायदा पोटातल्या बाळाला वडिलांच्या इस्टेटीत वाटा देतो, पण ते जिवंत जन्मलं तरच. 1971 चा गर्भपाताचा कायदा वीस आठवड्यांवर थांबायचा, 2021 मध्ये काही कारणांसाठी ती मर्यादा चोवीस झाली, त्याच्या पुढे बाळात गंभीर दोष असेल तर डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड ठरवतं. मधल्या काळात, 2008 साली, मुंबईतलं एक जोडपं हायकोर्टात गेलं होतं, बाळाच्या हृदयात दोष होता आणि वीस आठवडे उलटून गेले होते, परवानगी मिळाली नाही. ज्या आठवड्याला तेव्हा नाही म्हणाले त्याच आठवड्याला आता बोर्डासमोर जाता येतं. बाळ तेच, आई तीच. रेघ आपण हलवली.

ऑक्टोबर 2023 ची सुप्रीम कोर्टाची केस तर मी रोज बातम्या उघडून फॉलो करत होते. 27 वर्षांची बाई, दोन मुलं, धाकटं अंगावर पीत होतं म्हणून पाळी आलेली नव्हती, त्यामुळे दिवस गेलेले कळलेच नाहीत. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधं चालू होती. आधी गर्भपाताची परवानगी मिळाली, मग डॉक्टरांनी कळवलं की बाळ जगू शकतं, दोन न्यायाधीशांची मतं वेगळी पडली आणि शेवटी तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं नाही म्हटलं. तोपर्यंत सव्वीस आठवडे आणि पाच दिवस झाले होते. मला त्या निकालावर चिडता आलं नाही, कारण तो लुकलुकणारा ठिपका मी स्वतः बघितलाय. पण त्या आठवडाभर सगळा देश पोटातल्या ठोक्यांबद्दल बोलत होता आणि ज्या बाईच्या पोटात ते ठोके होते ती रात्री झोपते का, हे विचारणारे फार कमी होते, याचा मला अजून त्रास होतो.

माझं मत असं झालंय की मोल एखाद्या तारखेला बटण दाबल्यासारखं सुरू होत नाही, ते वाढत जातं, जसं बाळ वाढतं तसंच. आणि सुरुवातीच्या त्या सगळ्या काळात ते मोल ओळखणारी, अंगावर पेलणारी एकच व्यक्ती असते. ती म्हणाली माझं बाळ गेलं, तर बाळ गेलं, तिला गोळा सांगू नका. आणि ती म्हणाली मला हे झेपणार नाही, तर तिला खुनी म्हणू नका.

यावर एका मैत्रिणीनं मला विचारलं, मग पोरगी आहे म्हणून पाडतात त्याचं काय? बरोबर विचारलं तिनं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला, 1988 साली, आणि तरी 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात 894 मुली होत्या, बीडमध्ये तर 807. त्या मुलींचं मोल आठवड्यांवर ठरलंच नाही, त्या कोण आहेत यावर ठरलं. त्यात आईला कोण विचारतं, तिला तर गाडीत घालून नेतात, हे माझं उत्तर. पण काही ठिकाणी आई स्वतःच तयार असते हेही मला माहितीय आणि तिथे माझं उत्तर अपुरं पडतं, ते मी मान्य करते.

अशा वेळी मला पुण्यातलं फुल्यांचं घर आठवतं. 1863 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांना दिवस जायचे, करणारा मोकळा सुटायचा आणि बाई एक तर पोट पाडताना मरायची नाहीतर जन्मलेलं बाळ मारायची. या दोघांनी जीव कधी सुरू होतो यावर वाद घातला नाही, बाळंतपणाची सोय केली, कोणी नाव विचारणार नाही असं सांगितलं. काशीबाई नावाच्या विधवेच्या तिथेच जन्मलेल्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. बाळ वाचवायचं तर आधी बाईला जगता आलं पाहिजे, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

माझी मावसबहीण मागच्या वर्षी यातून गेली. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये कळलं की बाळाला दोन्ही किडन्या नाहीत, जन्मल्यावर काही तासही जगेल की नाही सांगता येत नाही. बाविसाव्या आठवड्यात तिनं निर्णय घेतला, दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या. नंतर तिनं बाळाला हातात घेतलं, दुपट्यात गुंडाळलं आणि त्याला नाव ठेवलं. एकजण म्हणाली, "स्वतःच पाडायचं आणि स्वतःच रडायचं?" मी तिथे होते, मला खूप बोलायचं होतं, आवाजच फुटला नाही. आज लिहिते, हो, दोन्ही एकाच बाईला एकाच दिवशी करावं लागतं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. नवीन सोसायटीत राहायला गेलीये, शेजारच्या बायका विचारतात, मुलं किती. "ताई, मी काय सांगू गं?" मी तिला आजीचं सांगितलं, सात झाली, पाच राहिली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्या दोघांची नावं काय होती?"

मला माहीत नव्हती. आईला विचारलं, तिलाही माहीत नाहीत. आजी पुरं आयुष्य सात म्हणत राहिली आणि आमच्यापैकी कोणी तिला हे विचारलंच नव्हतं.