तुम्ही विचारलंत म्हणून: पाच फील्डच्या क्लाससाठी ॲनोटेशन कशाला?

"पाच फील्डचा तर क्लास, त्यासाठी बिल्डमध्ये ॲनोटेशन प्रोसेसर कशाला? आयडीई दोन सेकंदांत इक्वल्स-हॅशकोड काढून देतो की." टीममध्ये नवीन कोणी आलं की हे विचारतंच आणि मी दरवेळी अर्धवट काहीतरी बोलून सुटते. आज पूर्ण सांगते, असं ठरवलंय. गोष्ट जावाची आहे: आयडीई म्हणजे कोड लिहायचं टूल, इक्वल्स-हॅशकोड म्हणजे दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे ठरवणाऱ्या मेथड, आणि ॲनोटेशन प्रोसेसर म्हणजे क्लासवरची खूण (ॲनोटेशन) बघून बिल्डच्या वेळी कोड लिहून देणारं टूल.

आयडीई काढून देतो, मान्य. पण एकदाच. पुढे फील्ड वाढलं की त्याला काही पडलेली नसते.

आमच्याकडे दरांचा एक कॅश होता, म्हणजे एकदा काढलेले दर पुन्हा वापरायला साठवायची जागा. त्याची की, म्हणजे जिच्यावरून साठवलेला दर शोधायचा ती, मी हाताने लिहिलेला इम्युटेबल (एकदा बनला की न बदलणारा) क्लास होती, सगळी फील्ड फायनल, सेटर एकही नाही, मला त्याचा अभिमान होता. वर्षभराने त्यात चलनाचं फील्ड वाढवलं, तेही मीच. कन्स्ट्रक्टरमध्ये घातलं, गेटर लिहिला, टूस्ट्रिंगमध्ये (लॉगमध्ये दिसणारा मजकूर बनवणारी मेथड) पण घातलं, आणि इक्वल्स-हॅशकोडमध्ये राहून गेलं. कंपायलर गप्प. टेस्ट हिरव्या, कारण टेस्टमध्ये चलन एकच. रिव्ह्यूतही कुणाला दिसलं नाही, दिसणार कसं, ज्या ओळींना हातच लागला नाही त्या डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, येतच नाहीत. मग प्रॉडक्शनमध्ये एका चलनाचा दर दुसरं चलन मागणाऱ्याला जायला लागला, तोही कधीकधीच, म्हणजे जो आधी विचारेल त्याचा दर कॅशमध्ये बसायचा आणि नंतरच्याला तोच मिळायचा. लॉगमध्ये बघावं तर दोन्ही की वेगळ्या दिसत होत्या, टूस्ट्रिंग बरोबर होतं ना! त्यामुळे दोन दिवस मी कॅशच्या लायब्ररीवर आणि थ्रेडवर संशय घेत बसले. तिसऱ्या दिवशी डीबगरमध्ये दोन्ही की शेजारी ठेवून इक्वल्स चालवलं आणि ट्रू आलं. चुकीचे दर लोकांना गेले होते, ते कोणाकोणाला गेले ते शोधून कळवण्याचं कामही माझ्याकडेच आलं.

त्यानंतर आम्ही इम्युटेबल्स ही लायब्ररी लावली. इंटरफेस लिहायचा, वर ॲनोटेशन, बाकी इक्वल्स, हॅशकोड, बिल्डर (एकेक फील्ड नावाने भरून ऑब्जेक्ट बनवणारा) सगळं दर बिल्डला नव्याने तयार होतं.

त्याआधी मीच याच्या विरोधात होते, "जो कोड दिसत नाही त्यावर भरवसा कसा ठेवायचा" म्हणायचे. लॉम्बॉक या अशाच कोड बनवणाऱ्या लायब्ररीबद्दल ते मला अजूनही थोडं पटतं, ती कंपायलरच्या आतल्या ट्रीमध्येच (वाचलेल्या कोडच्या मांडणीत) बदल करते, आणि जावा 16 ने जावाच्या आतल्या भागांचे दरवाजे बाहेरच्या कोडला बंद केले तेव्हा तिच्या जुन्या आवृत्त्या मोडल्या. इम्युटेबल्स किंवा तशीच ऑटोव्हॅल्यू ही लायब्ररी खरी जावा फाइल लिहितात, उघडून वाचता येते. पण खरं सांगायचं तर मी तरी ती किती वेळा उघडली?

आणि हो, रेकॉर्ड, म्हणजे इक्वल्स-हॅशकोड आपोआप देणारे जावाचे स्वतःचे क्लास. 2021 मध्ये जावा 16 सोबत ते पक्के झाले, आणि तेव्हा असते तर माझी ती चूक झालीच नसती. पण रेकॉर्डमध्ये लिस्ट दिली तर तिची कॉपी आपणच करायची, बिल्डर नाही, आणि शेजारशेजारच्या दोन स्ट्रिंग उलट्या दिल्या तर कंपायलर हूं की चूं करत नाही. म्हणून छोट्या कीसाठी मी रेकॉर्ड लिहिते, दहा-बारा फील्ड असली की परत इंटरफेस आणि बिल्डर. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन पद्धती असल्याने नवीन माणूस गोंधळतो ही तुमची तक्रार खरी आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.