हात भरून येतो तेव्हा बासिस्टने आधी ॲम्पकडे बघावं

फिंगरस्टाइल बास, म्हणजे बास गिटार पिकशिवाय बोटांनी, वाजवणाऱ्या प्रत्येकाला ही अवस्था माहीत असणार. फास्ट गाणं चालू आहे, दुसरा कोरस संपत आलाय, आणि उजव्या हाताचा फोरआर्म आतल्या बाजूने असा काही भरून येतो की बोटं ऐकेनाशी होतात, एक नोट जोरात एक नोट हळू, टाइमिंग मागे सरकायला लागतं, ड्रमर वळून बघतो, आणि मग आपण काय करतो तर अजून जोर लावतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात हात पूर्ण दगड.

यावर सगळे एकच सल्ला देतात, स्टॅमिना वाढव. ग्रिपर दाब, बॉल दाब, रोज तासभर फास्ट वाजव, आपोआप होईल. माझं मत वेगळं आहे आणि ते मी बऱ्याच बासिस्टांचे हात जवळून बघून बनवलंय. बहुतेकांच्या हातात ताकद कमी नसते, ती खर्च फार होत असते. आणि खर्च का होते तर स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून.

आधी हातात नेमकं काय चालतं ते बघू, कारण ते कळलं की बाकीचं पटतं. १६० टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १६० बीट, सलग सिक्स्टीन्थ्स (एका बीटला चार नोट्स) म्हणजे मिनिटाला ६४० नोट्स. दोन बोटांत वाटल्या तर एका बोटाला ३२०, सेकंदाला पाचपेक्षा जास्त. दर वेळी बोट स्ट्रिंग ओढतं, सुटतं, परत जागेवर येतं. यातलं ओढणं सगळ्यांच्या लक्षात येतं, सुटणं कोणाच्या नाही. बोट वाकवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते फोरआर्मच्या आतल्या बाजूला असतात आणि टेंडनने बोटाला जोडलेले असतात, बोट सरळ करणारे स्नायू फोरआर्मच्या वरच्या बाजूला. ओढणारा स्नायू पूर्ण सैल व्हायच्या आत दुसऱ्याने बोट मागे खेचलं की दोघं एकमेकांशीच भांडत बसतात, आवाज काडीचाही वाढत नाही आणि दमणं मात्र दुप्पट. शिवाय आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, रक्त पुरेसं पोचत नाही, आणि त्यासाठी पूर्ण ताकद लावावी लागते असंही नाही, अर्धवट पण सतत आवळून धरलेलं असलं तरी पुरतं. म्हणून हात भरून येतो. सैल सोडला की मिनिटाभरात बरं वाटतं ते पण यामुळेच, रक्त परत वाहायला लागतं.

मग मनगट. त्या टेंडन्सपैकी नऊ मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात, कार्पल टनेल, आणि त्याच बोगद्यातून मीडियन नर्व्ह पण जाते. स्ट्रॅप खूप खाली, फोरआर्म बासच्या कडेवर टेकवलेला आणि मनगट काटकोनात खाली मोडलेलं ही पोज दिसायला भारी दिसते हे मान्य, पण मनगट पूर्ण आत वाकवून मूठ घट्ट आवळून बघा, आवळतच नाही. त्याच अवस्थेत आपण बोटांकडून सेकंदाला पाच झटके मागत असतो. स्ट्रॅप दोन-तीन भोकं वर घेतला, कोपर जरा पुढे आणलं आणि मनगट सरळच्या जवळपास आलं तर कित्येकांचा अर्धा त्रास तिथेच कमी होतो. आणि स्ट्रॅप असा लावा की बसून आणि उभं राहून बास साधारण एकाच उंचीवर येईल, नाहीतर घरी बसून केलेली प्रॅक्टिस उभ्याने वाजवताना कामाला येत नाही.

आता मूळ मुद्दा, आवाज. एकट्याने वाजवताना हात हलका असतो, ड्रमर आला की जड होतो. हे नर्व्हस होण्याने होतं असं सगळे म्हणतात, ते थोडं खरं आहे, पण मोठं कारण हे की बास दोन गिटार आणि ड्रम्सच्या क्रॅश झांजेच्या आवाजात बुडतो आणि मेंदू हाताला सांगतो, मार अजून. आणि मारून मिळतं काय? स्ट्रिंग एका मर्यादेच्या पुढे ओढली की ती फ्रेट्सवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटते, खडखड येते, सुरुवातीला नोट क्षणभर वरच्या सुराला जाते, आणि जो खालचा भरदार आवाज आपल्याला हवा असतो तो त्या प्रमाणात वाढतच नाही. हाताने मिळेना तो आवाज ॲम्पच्या नॉबने घ्यायचा, हे इतकं साधं आहे.

अजून एक गोष्ट जी लोक पाहत नाहीत. कॅबिनेट, म्हणजे ॲम्पचा स्पीकरचा खोका, जमिनीवर आणि आपण त्याच्या पुढ्यात हातभर अंतरावर उभे. बासच्या आवाजाचा खालचा भाग सगळीकडे पसरतो, पण नोटची धार, बोट सुटल्याचा जो टक् असतो तो वरच्या फ्रीक्वेन्सीत असतो आणि त्या सरळ रेषेत जातात, म्हणजे आपल्या गुडघ्यांना ऐकू येतात, कानाला नाही. धार ऐकू आली नाही की बोटाला वाटतं नोट लागलीच नाही. कॅबिनेट एखाद्या घट्ट खोक्यावर चढवा, मागे तिरकं करा, नाहीतर दोन पावलं पुढे जा. मॉनिटर असेल तर त्यात स्वतःचा बास मागून घ्या, लाजू नका, आणि मिड्स, म्हणजे मधल्या फ्रीक्वेन्सी, थोडे वाढवा. नुसता बेस नॉब वाढवून घुमतं जास्त आणि ऐकू येतं कमी.

हलक्या हाताचं नाव घ्यायचं तर बासिस्ट गॅरी विलिस. तो स्ट्रिंग्सच्या खाली पिकअपच्या (स्ट्रिंगचा आवाज टिपणारा भाग) उंचीची एक लाकडी पट्टी बसवतो, तिला रॅम्प म्हणतात, त्यामुळे बोट स्ट्रिंगमध्ये खोल घुसूच शकत नाही. पट्टी लावा असं मी म्हणत नाही, पण बोटाचं फक्त टोक वापरून किती कमी खोलीत काम होतं ते एकदा समजून घ्या. उलट टोकाला मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासिस्ट जेम्स जेमरसन. जाड फ्लॅटवाउंड (चपट्या तारेने गुंडाळलेल्या) स्ट्रिंग्स, उंच ॲक्शन, म्हणजे स्ट्रिंग फ्रेटपासून बरीच वर, आणि उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, आणि त्यावर मोटाउनचा तो सगळा आवाज उभा आहे. तेव्हा हलका हात हा एकच खरा रस्ता असं माझं अजिबात म्हणणं नाही. जड हाताचा टोन वेगळा असतो आणि गाण्याला तोच हवा असेल तर तोच द्यावा. फक्त तो आपण निवडून द्यावा, ऐकू येत नाही म्हणून नाईलाजाने नको.

प्रॅक्टिस मी अशी करतो. ॲम्पचा आवाज नेहमीपेक्षा बराच वाढवायचा, मेट्रोनोम १०० वर, एकाच स्ट्रिंगवर एट्थ नोट्स (बीटला दोन), आणि इतक्या हलक्या हाताने वाजवायचं की नोट जेमतेम लागते. मग अगदी थोडा थोडा जोर वाढवत जायचं, जिथे टोन भरदार वाटतो तिथे थांबायचं. ती जागा आपल्या अंदाजापेक्षा खूप खाली असते! तिला घरचा जोर समजा, आणि त्याच्या वर ॲक्सेंटसाठी जागा शिल्लक राहते हा जादा फायदा. रेस्ट स्ट्रोक करत असाल तर बोट स्ट्रिंगमधून जाऊन शेजारच्या स्ट्रिंगवर टेकतं, त्या टेकण्याच्या क्षणी बोट सैल सोडायचं, तिथे दाबून धरायचं नाही. वरच्या सुराच्या स्ट्रिंगवरून खालच्या सुराच्या स्ट्रिंगकडे येताना त्याच बोटाने दोन्ही वाजवायच्या, रेकिंग, तिथे जबरदस्तीने बोटं बदलण्यात उगाच मेहनत जाते.

स्पीडसाठी बर्स्ट. एक बार पूर्ण टेम्पोला, एक बार हात खाली सोडून विश्रांती, पुन्हा एक बार. जमलं की दोन बार, मग चार. लगेच तीन मिनिटं सलग वाजवायला जाऊ नका, कारण दमलेल्या अवस्थेत जे वाजतं तेच हात शिकतो, म्हणजे आवळून वाजवायलाच शिकतो. थांबायचं कधी, तर दुखायला लागल्यावर नाही, नोट्स असमान ऐकू यायला लागल्यावर. हे रेकॉर्ड करून ऐका, कानाला हाताच्या बरंच आधी कळतं. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस गॅलप, म्हणजे एका बीटला एक लांब आणि दोन छोट्या अशा तीन नोट्स, बोटांनी वाजवतो, पिकने नाही, आणि १६० ला गॅलप म्हणजे मिनिटाला ४८० नोट्स होतात, एवढ्या नोट्स रागाने मारून तासभर टिकणं शक्य नाही, त्या सुटाव्याच लागतात.

डावा हात थोडक्यात. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर तुम्ही नेक चिमटीत पिळताय. फ्रेटच्या अगदी लगत मागे बोट ठेवलं तर खूप कमी दाब लागतो, दोन फ्रेटच्या मध्ये ठेवलं तर जास्त. अंगठा पूर्ण काढून, फक्त हाताच्या वजनाने एखादी लाइन वाजवून बघा, कळेल किती कमी पुरतं. ३४ इंच स्केलवर (स्ट्रिंगची वाजणारी लांबी) पहिला फ्रेट नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, साधारण ४८ मिलिमीटरवर असतो, तेव्हा खालच्या पोझिशनला एक बोट एक फ्रेट हा हट्ट कशाला, डबल बासवाल्यांची सिमांडल फिंगरिंग वापरा, पहिलं, दुसरं आणि करंगळी, तीन फ्रेट, आणि हात सरकवा. आणि बास सोडल्यावर नेक खाली झुकत असेल तर डावा हात पूर्णवेळ नेक उचलण्याचंच काम करतोय, त्याला रुंद, खरखरीत स्ट्रॅप लावा.

सेटअपकडे दुर्लक्ष नको. बाराव्या फ्रेटवर २ ते २.४ मिलिमीटर ॲक्शन हा बऱ्याच जणांना चालणारा आकडा आहे. सध्या १०५ चा सेट (सगळ्यात जाड स्ट्रिंग ०.१०५ इंच) असेल तर १०० चा लावून बघा. पण स्ट्रिंग्स हलक्या झाल्या आणि हात तसाच जड राहिला तर नुसती खडखड वाढेल.

एक फरक नीट लक्षात ठेवा. भरून येणं, जळजळणं आणि हात सोडला की उतरणं, हा थकवा. टोचणारी कळ, एकाच जागी दुखणं, मुंग्या, बधिरपणा, रात्री हात झोपल्यासारखा होणं, हा थकवा नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटातली मीडियन नर्व्ह, करंगळी आणि शेजारचं बोट असेल तर बहुधा अल्नर नर्व्ह, कोपराकडून येणारी. अशा वेळी वाजवणं थांबवा आणि डॉक्टरकडे जा, तेही हाताचं काम करणाऱ्या डॉक्टरकडे किंवा फिजिओकडे. सहन करून वाजवण्यात काही मोठेपणा नाही, आणि असं दुखणं अंगावर काढलं की महिनोन्महिने बास हातात धरता येत नाही.

मोठ्या सुट्टीनंतर परत सुरू करताना पण घाई नको. स्नायू लवकर तयार होतात, टेंडन्सना बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे हाताला जमतंय असं वाटायला लागतं तो काळच जरा धोक्याचा असतो. वेळ हळूहळू वाढवायचा, आधी टेम्पो नाही. आणि जास्त वाजवल्यावर येणारं अंगदुखीसारखं दुखणं त्याच दिवशी नाही तर पुढच्या एक-दोन दिवसांत जोर धरतं, म्हणून गिगच्या आधीचे दोन दिवस मी फास्ट गाण्यांना हात लावत नाही, सेटलिस्ट हळू टेम्पोवर एकदा वाजवतो, स्ट्रिंग्स आणि केबल तपासतो आणि बास केसमध्ये ठेवून देतो.