मनीच्या पोटावरची चकाकी

आमची मनी 13 वर्षांची होती. चैत्रात सोलापूरचा पारा चाळिशीपलीकडे जाऊ लागला आणि तिचे केस गळू लागले, तेव्हा उन्हाळ्यात मांजरे केस टाकतातच, असे म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही. एके दिवशी आईने तिला उचलून घेतले, तर पोटाचे केस मुठीत तसेच निघून आले आणि मनीने साधे अंगही चोरले नाही.

आधी पिसवांचे औषध झाले, मग नायट्याचे. त्यात महिना गेला. पिसवा आणि नायटा मांजरांत नेहमीचेच असल्याने पहिल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, पण तिचे वजन 4 किलोवरून 3 वर आले होते आणि ते आमच्याही ध्यानात यायला हवे होते. पोट आणि मांड्यांची आतली बाजू उघडी पडली होती. खिडकीतल्या उजेडात ती कातडी तेल चोपडल्यासारखी चकाके. तिच्यावर ना पुरळ होते, ना खपली.

दुसऱ्या डॉक्टरांनी ही चकाकी पाहिली, पंजांच्या कोरड्या, भेगाळलेल्या गाद्या दाबून पाहिल्या आणि लगेच पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. स्वादुपिंडात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पसरली होती.

वयस्क मांजरांत स्वादुपिंडाचा, क्वचित पित्तनलिकेचा कर्करोग असा कातडीवर उमटतो. कातडीत कर्करोगाच्या पेशी नसतात. केसांची मुळे आक्रसतात आणि कातडीचा सर्वांत वरचा थर सुटून जातो, म्हणून ती चकाकते. गाठ काढल्यावर केस पुन्हा उगवल्याची आणि रोग उलटल्यावर ते पुन्हा गळल्याचीही नोंद आहे, मात्र बहुतेकदा निदान होईपर्यंत रोग पसरलेला असतो. याउलट डोके, कान आणि मानेपासून कोंड्याचे पापुद्रे सुटू लागले, तर छातीचा एक्स-रे काढून घ्यावा, कारण तिथे थायमस ग्रंथीची गाठ असू शकते आणि ती वेळेवर काढली तर कातडी पूर्ववत होऊ शकते.

मनीच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. शहाबादी फरशीवर पाय टेकताना तिला दुखे. ती एकेक पंजा उचलून झटकत चाले. म्हणून आईने घरातल्या जुन्या सोलापुरी चादरी काढल्या आणि तिच्या अंथरुणापासून पाण्याच्या वाटीपर्यंत एकापुढे एक अंथरल्या. शेवटचे 3 आठवडे ती त्या चादरींवरूनच चालली.