नुसती बसते

रविवार, रात्र

"म्हणजे आईसारखी. नुसती बसून खाते."

एवढं बोलून ओजस पुढच्या काचेकडे पळालासुद्धा. मागून माणसं येत होती, कुणाची तरी बाबागाडी पोटरीला लागली, तरी मी संग्रहालयातल्या महाधनेशाच्या, म्हणजे मोठ्या हॉर्नबिलच्या, त्या भल्यामोठ्या पिवळ्या चोचीकडे बघत तिथेच उभी राहिले.

पाच वर्षांचं पोर आहे, त्याला काय कळतंय, असं निखिल घरी आल्यावर म्हणाला. त्याला कळत नाही हे मलाही कळतं. मग एवढं का लागलं? दिवसभर ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

झालं असं. जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आमच्यासाठी मुख्यतः निसर्ग विभागासाठी. मूर्ती, नाणी, तलवारी यांची पोरांना अजून गोडी नाही. निसर्ग विभागात मात्र दोघं खुलतात. रानगवा, वाघ, रोहित पक्षी. चिऊ काचेला नाक लावून उभी राहते, काचेवर वाफ धरते, मग ती फ्रॉकने पुसते आणि पुन्हा नाक लावते. आज ती वाघाला "ये ना बाहेर" म्हणत होती आणि तो येत नाही म्हटल्यावर रडवेली झाली. मी तिला कडेवर घेतलं आणि ओजसला धनेशाची गोष्ट सांगायला लागले, कारण ती माझी आवडती आहे. एम.एस्सी.ला असताना तिलारीच्या जंगलात पहिल्यांदा धनेश उडताना ऐकला होता. ऐकला असंच म्हणायला हवं. पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी नंतर दिसतो.

चिऊला खाली ठेवून मी दोन्ही तळवे जुळवून ढोली केली आणि अंगठ्यांमध्ये बारीकशी फट ठेवली. म्हटलं, बघ, उंच झाडाच्या ढोलीत आई धनेश जाऊन बसते. मग ढोलीचं तोंड लिंपून बंद होतं, फक्त एवढी फट उरते. आई आत, अंडी आत. बाबा धनेश दिवसभर रानात फिरून उंबर, वडाची फळं गोळा करतो आणि या फटीतून तिला भरवतो. ओजसने खिशातला शेंगदाणा काढून माझ्या अंगठ्यांमधून आत सारला. फार गोड वाटलं मला तेव्हा. "आणि ती काय करते आत?" त्याने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकलं.

शेंगदाणा माझ्या मुठीत तसाच राहिला.

"नुसती बसून खाते" हे वाक्य ओजसचं नाही. पाच वर्षांचं मूल असं बोलत नाही, त्याने ते कुठेतरी ऐकलेलं असतं. कुठे ऐकलं ते मला माहीत आहे. गणपतीत सगळे जमले होते तेव्हा मीही स्वयंपाकघराच्या दारात होते. असो.

पण ते एकदा ऐकलेलं वाक्य त्याने मला नेमकं लावलं कसं? त्याच्या डोळ्यांना दिवसभर मी काय करताना दिसते? मी सकाळी साडेपाचला उठते तेव्हा तो झोपलेला असतो. डबे, चिऊचं दूध, गॅसवाला, सासूबाईंच्या गोळ्या. तो शाळेतून येतो तेव्हा मी जेवायला बसलेली असते. त्याला दिसते ती ताटावर बसलेली आई. बाबा मात्र दार उघडून बाहेर जाताना आणि रात्री दमून परत येताना दिसतो. मुलाच्या जागेवरून बघितलं तर त्याचं काही चुकलेलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते तेव्हा मानधन वेळेवर मिळायचं नाही, पण मी दार उघडून बाहेर तरी जायचे. ओजसने ती मी पाहिलेलीच नाही.

बसमध्ये रडूही आलं थोडं. खिडकीकडे तोंड केलं होतं.

त्या निसर्ग विभागाशी जोडलेली एक गोष्ट मात्र मला संध्याकाळपासून सारखी आठवते आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने तो विभाग उभा राहिला आणि 1926 साली तिथे येणाऱ्यांना प्राणी-पक्षी समजावून सांगायला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींची नेमणूक झाली. दोन वर्षांनी ते पुढचं शिकायला जर्मनीला गेले. परत आले तर पैशांअभावी ते पदच बंद झालेलं. मग अलिबागजवळ किहीमला बायकोच्या माहेरच्या घरी जाऊन राहिले आणि पावसाळ्यात तासन्तास सुगरणींच्या खोप्यांपुढे बसून राहिले. कोणता नर किती खोपे विणतो, मादी येऊन खोपा कधी पसंत करते, पहिलीचा संसार मार्गी लागला की तोच नर दुसऱ्या खोप्याला कसा लागतो, हे सगळं तिथे बसून टिपलं. 1930 च्या सुमाराचं ते काम आजही शिकवतात. मीसुद्धा शिकवलं आहे. त्या दिवसांत किहीमला कुणी डोकावलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? नोकरी गेलेला, सासुरवाडीला बसलेला जावई.

आणि तेहमिना, त्यांची बायको. त्यांचं घर, त्यांची साथ, पुढे रानावनातल्या मुक्कामांची सगळी व्यवस्था. 1939 साली एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. पक्षी सालिम अलींनी मोजले, हे सगळ्यांना माहीत आहे. तेहमिनांबद्दल मला एवढंच माहीत आहे, आणि आज पहिल्यांदाच ते कमी वाटलं.

बाहेर पडताना शेजारची हॉर्नबिल हाउसची, म्हणजे सोसायटीची, इमारत दाखवली. मनात इतकं असूनही विल्यमची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवलं नाही. सोसायटीच्या फोर्टातल्या जुन्या कचेरीत 1894 पासून 1920 पर्यंत एक महाधनेश राहत होता. त्याचं नाव विल्यम, आणि म्हणून सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही धनेश आहे. "तो रोज ऑफिसला जायचा?" ओजसने विचारलं. म्हटलं, नाही रे, तिथेच राहायचा. "आणि काम काय करायचा?" काहीच नाही, म्हटलं. नुसता बसून खायचा. हे शब्द माझ्याच तोंडून आले आणि ओजस खदखदून हसला. विल्यमचं बसून खाणं त्याला भलतंच आवडलं. म्हणजे त्याच्या लेखी ती शिवी नाहीच. मघाशीही नव्हती, आता नीट आठवलं की वाटतं. शेंगदाणा भरवताना तो किती खूश होता! आईने बसावं, कुणीतरी तिला खाऊ द्यावा, यात त्याला काही वावगं दिसलं नाही. शब्द दुसऱ्याचे, भाव त्याचा.

हे मी मनाची समजूत म्हणून लिहीत नाहीये. तसं असतं तर दुपारचं दुखणं आत्ता गेलं असतं. ते आहेच.

दुपारी गोष्ट अर्धीच राहिली होती, कारण थोड्याच वेळात चिऊला शू लागली आणि आम्ही धावत सुटलो. रात्री अंथरुणात ओजसने पुढचं विचारलं. मग सांगितलं की ढोलीचं दार बाहेरून कुणी बंद करत नाही, आई धनेश स्वतः आतून लिंपते. "कशाने?" स्वतःच्या विष्ठेने, खाल्लेल्या फळांच्या चोथ्याने. "शीने?" तो उठूनच बसला. चिऊही उठली. दोघं गादीवर उड्या मारत "शीची भिंत, शीची भिंत" ओरडत सुटले, सासूबाई बघायला आल्या, त्यांनाही ओजसने सगळं साग्रसंगीत समजावलं. साप, माकडं आत येऊ नयेत म्हणून ती भिंत चोचीने थापून थापून घट्ट करते. जवळजवळ चाळीस दिवस अंडी उबवते. काही जातींच्या माद्यांची तर उडायची पिसंसुद्धा आत असताना गळतात आणि पुन्हा येतात. आणि पिल्लू वाढायला लागलं की आपलीच भिंत फोडून बाहेर पडते. "मग ती कुठे जाते?" तीसुद्धा बाबाबरोबर खाऊ आणायला जाते, मी सांगितलं. त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "मग पिल्लू एकटं?" हो, थोडा वेळ. "चालेल," म्हणाला आणि आडवा झाला.

मी काही धनेश नाही. तिची ढोली एका हंगामाची असते, माझं वेगळं आहे, आणि पक्ष्यांवरून माणसांचे धडे काढणं मला वर्गातही आवडायचं नाही. पण ते "चालेल" ऐकून बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

कॉलेजकडून आलेल्या मेलला अजून उत्तर दिलेलं नाही. जूनपासून सकाळच्या तासिका आहेत. चिऊला सकाळी कोण बघणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार, यावर निखिलशी बोलणं व्हायचं आहे. तो ओट्यापाशी भांडी लावतोय. आत्ताच बोलते.