मामाची उलटी विहीर

विहिरीच्या बांधकामाची माणसं सोमवारी येणार होती. मे महिना, कॉलेजला सुट्ट्या. शनिवारी दुपारी मेहकरहून मोटारसायकलने लोणारला मामाच्या शेतावर पोचलो, तेव्हा लक्षात आलं की मोजपट्टी आणायचीच राहिली. मग मामीच्या शिलाई मशीनवरचा टेप मागून घेतला. "विहीर शिवता का आता?" मामी म्हणाली. पण दिला.

मामाचं शेत लोणार सरोवराच्या, म्हणजे उल्का आदळून झालेल्या खड्ड्याच्या, बाहेरच्या उतारावर आहे. तिथून सरोवर दिसत नाही. लोणारला पहिल्यांदा येणारा माणूस काठावर पाय ठेवेपर्यंत विचारतच असतो, कुठे आहे सरोवर? भोवतालच्या रानापेक्षा काठ थोडा उंच आहे, त्यामुळे बाहेरून नुसता चढ वाटतो. आणि एकदा का आत डोकावलं की मागे वळून त्या चढाकडे कोणी पाहत नाही. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर मला रोज पाच-सहा फोन येत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं, मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग आहे. तोवर कोणी कोप म्हणत होतं, कोणी कंपनीचं सांडपाणी. सरोवराच्या पाच-पन्नास किलोमीटरमध्ये तशी कंपनी कुठे आहे, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

मामा विहिरी खोदायचा. सहा माणसांची टोळी, दगडमाती वर ओढायची यारी, सब्बल, घमेली आणि सुरुंगवाला. मेहकर, रिसोड, सिंदखेडराजा एवढ्या मुलखात त्याने पंचवीस वर्षं विहिरी खोदल्या. आमच्याकडचा क्रम त्याला पाठ. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या गारगोट्या भरलेला भोकाभोकाचा खडक, आणि खाली काळा पाषाण. पाषाण फोडून गेलं की कधीकधी लाल गेरू. गेरू लागला की मामा गप्प व्हायचा. गेरूच्या डोक्यावर पाणी मिळतं खरं, पण ओला झाला की तो सुटतो आणि वरची कपार घेऊन खाली येतो. त्याच्या एका माणसाचा पाय त्यातच गेला.

लाव्हाचा एक थर येऊन थंड झाला, पुढचा थर येईपर्यंत मधल्या काळात वरचं अंग कुजलं, लाल झालं, आणि दुसऱ्या लाव्ह्याने ते भाजलं, तोच हा गेरू. हे मी अमरावतीला बीएस्सीला भूशास्त्र घेतलं तेव्हा शिकलो. मामाला ते ऐकवलं तर म्हणाला, "म्हणजे दोन धन्यांच्या मधातला बांध." मला आजवर याहून चांगलं वाक्य सुचलेलं नाही. वर्गात तेच वापरतो.

1998 च्या उन्हाळ्यात त्याने स्वतःची विहीर घेतली. पानाड्याने कडुनिंबाची काडी फिरवून सात परसांवर पाणी सांगितलं होतं. परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहील तेवढं. पहिल्या हाताभर मातीनंतर मुरूम लागायला हवा होता. लागले फुटके दगड. मुठीएवढे, डोक्याएवढे, एखादा बैलाएवढा, सगळे मातीत कालवलेले. दीड परस असंच. आणि त्याच्या खाली काळी माती! पाषाणाच्या तुकड्यांखाली नांगरता येईल अशी काळी माती. टोळीतल्या माणसांनी काम थांबवलं. कोणी म्हणालं जुनं गावठाण, कोणी म्हणालं खाली धन असेल, आणि एकाने तर ही लवणासुराच्या अंगणातली जमीन म्हणून नारळ फोडायला लावला. पाणी त्या काळ्या मातीच्या डोक्यावरूनच पाझरलं. सात परसांची वाट पाहावीच लागली नाही. त्याखाली मग मुरूम, मांजऱ्या, पाषाण, नेहमीसारखं सगळं शिस्तीत.

मामा तेव्हापासून या विहिरीला उलटी विहीर म्हणतो.

टोळीतल्या माणसांनी गावठाण म्हटलं यात लाजायचं काही नाही. अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी 1823 ला इथे येऊन गेला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं शिकलेली माणसं हे ज्वालामुखीचं तोंड असं सांगत होती. चहूकडे लाव्हाचाच खडक, मग दुसरं काय सुचणार? लाज मला वाटते. मी तीन वर्षं भूशास्त्र शिकलो, सहलीला सरांसोबत काठावर उभा राहून वहीत उतरवून घेतलं, आणि संध्याकाळी त्याच विहिरीवर आंघोळ केली. वर मान करून भिंत पाहिली नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी संशोधकांची एक तुकडी आली. चंद्रावर आणि मंगळावर उल्केच्या माराने झालेली कितीतरी विवरं बेसाल्टमध्ये, म्हणजे आमच्या काळ्या पाषाणासारख्या लाव्हाच्या खडकात आहेत, तो मार खडकावर कसा उमटतो ते त्यांना जमिनीवर पाहायचं होतं. बेसाल्टमधली विवरं ब्राझीलमध्येही आहेत, पण ती पार झिजलेली. लोणार अजून खड्डा म्हणून शाबूत आहे: 1.8 किलोमीटर रुंद, काठापासून दीडेकशे मीटर खोल. त्यांना आत उतरायचं नव्हतं. बाहेर उडून पडलेला राडारोडा आणि त्याच्याखाली दबलेली जुनी जमीन एकाच ठिकाणी उघडी पडलेली हवी होती. त्यांच्या जुन्या फोटोतली मुरमाची खदान आम्ही शोधून काढली. तिच्यात आता गावचा कचरा. हा राडारोडा मोकळा असतो, सब्बल न लावता निघतो, म्हणून वर्षानुवर्षं रस्त्यांच्या भरावात गेला. दोन दिवस हिंडून पाय दुखले तेव्हा कुठे मला मामाची विहीर आठवली.

मामाने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "अबे, एवढा मोठा खड्डा हाये, त मंग त्याची माती कुठी गेली, हे तुले कधी पडलं नाही?"

नाही पडलं. खड्डा खणणाऱ्यालाच तो प्रश्न पहिला पडतो, कारण माती कुठे टाकायची यावरून शेजाऱ्याशी भांडण त्याचं होतं.

पुढचं त्यानेच समजावलं. विहिरीशेजारचा ढीग बघा म्हणाला. पहिल्यांदा निघालेली काळी माती ढिगाच्या तळाला, त्यावर मुरूम, आणि शेवटी निघालेला पाषाण सगळ्यांत वर. विहीर सुलटी, ढीग उलटा. लोणारच्या काठाशीही हेच झालं आहे: थर बाहेरच्या बाजूला उचलले गेले आणि वरचे तर पालथे पडले. आमची यारी जे चार महिन्यांत करते, ते तिथे काही क्षणांत झालं. आणि मामाची विहीर त्या मोठ्या ढिगातून खोदलेली, म्हणून दगडाखाली माती. पाहुण्यांपैकी एकाने हे सगळं वहीत लिहून घेतलं. मामाने चहा ठेवायला सांगितला.

पुण्याची एक मुलगी कड्या धरून खाली उतरायला निघाली तर मामा आडवा. "मॅडम, बूट काढून उतरा." आमच्याकडे विहिरीत पायताण घालून कोणी उतरत नाही. तिने निमूट काढले, आणि वर आली ती काळ्या मातीची पिशवी घेऊन. ही माती म्हणजे आघाताच्या दिवसाची जमीन. त्या दिवशी वर जे काही उगवलं होतं, ते तिच्यात गाडलं गेलं.

तो दिवस कधीचा, यावर मात्र भांडण आहे. इथले गाईड 52 हजार वर्षं सांगतात. तो आकडा काचेतली साठलेली चकाकी मोजून काढलेला. पुढे अरगॉन वायूवरून मोजलं तर 5 लाख 70 हजार निघाले. दहापटीहून जास्त फरक! मातीतला कार्बन पन्नासेक हजार वर्षांपलीकडे साक्ष देत नाही, त्यामुळे दुसरा आकडा खरा असेल तर तिथे तो मुका. मला स्वतःला अरगॉनचं पटतं. पण पर्यटकांसमोर बोललो तर गाईड मंडळी रागावतात.

उल्का पडली याचा पक्का पुरावा 1973 ला छापून आला. सरोवराच्या तळाखाली बोअर घेतले तेव्हा खडकातल्या फेल्स्पार या खनिजाची न वितळताच काच झालेली सापडली. एवढा दाब ज्वालामुखी देत नाही. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात, आणि ती जगात पहिल्यांदा ओळखली गेली ती बिहारमध्ये शेरघाटीला 1865 साली पडलेल्या दगडात. तो दगड मंगळावरचा आहे, हे फार नंतर कळलं. मामाने यावर बराच वेळ सुपारी चघळली. "दगड अलग, मार सारखा," एवढंच म्हणाला.

आता बांधकाम. गेल्या पावसाळ्यात वरचा राडारोडा सुटला आणि मोटारीच्या पाइपासकट फूटव्हॉल्व्ह गाडून गेला. अनुदान मिळालं, सिमेंटची भिंत तळापासून कठड्यापर्यंत येणार. मी म्हटलं, राडारोडा आणि काळी माती दिसत राहील अशी त्या पट्ट्यापुरती खिडकी ठेवा. "खिडकी ठेवली त तिथूनच ढासळीन," मामा म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. विहीर त्याची, ऊस त्याचा, फूटव्हॉल्व्हचे पैसेही त्याचेच गेले.

म्हणून शनिवारी अनवाणी उतरलो. टेप दीड मीटरचा, दर वेळी खिळा ठोकून पुढे सरकवावा लागत होता. राडारोडा 3 मीटर 40. काळी माती 43 सेंटिमीटर. तिच्या वरच्या कडेला बोट फिरवलं तर ओलं लागलं, मे महिन्यात. प्रत्येक फुटावर फोटो काढला, शेजारी मामीचा टेप धरून. मामा वरून ओरडत होता की माती कुठे येते ते नीट सांग, कारण पाण्यासाठी भिंतीला भोकं ठेवायचीच आहेत, आणि पाणी तर तिथूनच येतं. गवंड्याला सांगून तिथलं एक भोक हात जाईल एवढं मोठं ठेवायचं ठरलं.

टेप धुऊनही 43 च्या आकड्याजवळ काळा डाग राहिला आहे. मामी ब्लाउजची मापं घेताना तिथे आली की थांबते आणि माझं नाव घेते.