दिवे घाटात काटा लालवर: मामांच्या ८०० चं तापणं कुठून आलं

गाडी १९९६ ची मारुती ८००. कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची, एसी नाही. मामांनी ती बार्शीला पंचवीस वर्षं वापरली आणि गेल्या दिवाळीत किल्ली माझ्या हातात दिली. क्लच आणि ब्रेकचं काम हिवाळ्यात उरकलं होतं, आता हे तापण्याचं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघं सासवडला निघालो होतो. दिवे घाटात, खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो तिथे तापमानाचा काटा अर्ध्यावरून सरकत लाल रेघेला टेकला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि पाऊण तास नुसतं थांबलो. रेडिएटरच्या कॅपला हात लावला नाही. नव्यांनी हे नीट समजून घ्या: ०.९ बार दाबाच्या कॅपखाली दाब असेपर्यंत आतलं पाणी ११५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. कॅप फिरवली की दाब सुटतो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

घरी आल्यावर आधी वहीत लिहून काढलं की गाडी कधी तापते आणि कधी नाही. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास उभी राहिली तरी काटा अर्ध्यावर, पंखा वेळेवर चालू होतो, वेळेवर बंद होतो. सोलापूर रस्त्याला ६०-७० ने पंधरा मिनिटं धावली की काटा हळूहळू वर. घाटात सेकंडला टाकली की सरळ लालकडे. उतारावर पाच मिनिटांत पुन्हा खाली. उभी असताना तापणारी गाडी बहुतेक वेळा हवा मागत असते, म्हणजे पंखा, त्याचा स्विच, रिले. लोडवर तापणारी गाडी पाणी मागत असते. माझी दुसऱ्या जातीची होती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले काका म्हणाले, “साहेब, थर्मोस्टॅट काढून टाका. आम्ही सगळ्यांचे काढतो.” मला ते पटत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारं दार. तो नसला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, चोक लांबतो, पेट्रोल जास्त जातं. तरी तो अडकलाय का बघावं म्हणून रविवारी हाउसिंगचे बोल्ट काढले, तर आत जागा रिकामी. कधीतरी कोणीतरी तो आधीच काढून टाकलेला. वाईट वाटलं, पण मोठा धागाही हाती लागला. पाण्याच्या वाटेतलं दार कायमचं उघडं असून गाडी तापते, म्हणजे अडथळा दुसरीकडे आहे.

हेड गास्केटची (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची) भीती आधी घालवली. ८०० चं हेड ॲल्युमिनियमचं, एकदा वाकलं की खर्च मोठा. थंड गाडी, कॅप काढून स्टार्ट: बुडबुड्यांची संततधार नाही. ऑइल कॅपखाली पांढरा फेस नाही. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं: १६५, १६०, १६५ पीएसआय. टायमिंग लाइट लावून ठिणगी पडण्याचं टायमिंगही बघितलं, कारण ते मागे गेलं तरी इंजिन तापतं. ते जागेवर होतं.

मग मित्राला आत बसवलं आणि मी टॉर्च घेऊन खालच्या होजजवळ (रबरी नळीजवळ) वाकलो. ८०० ला आरपीएमचा काटा नाही, म्हणून त्याला म्हटलं, “अरे, थर्डला साठच्या स्पीडला इंजिनचा जसा आवाज येतो, तेवढी रेस धरून ठेव.” दोन-तीन सेकंदांत रेडिएटरकडून वॉटर पंपाकडे येणारा तो होज मधोमध आत ओढला गेला आणि सायकलच्या रिकाम्या ट्यूबसारखा चपटा झाला. रेस सोडली, परत गोल. पुन्हा धरली, पुन्हा चपटा. पंप पाणी ओढतोय आणि ते येतच नाहीये, हे डोळ्यांनी बघायला मिळालं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी होज चपटा दिसत असेल तर संशय कॅपवर घ्यायचा. तिच्या मधला छोटा व्हॉल्व्ह चिकटला की थंड होताना बाजूच्या जादा पाण्याच्या टाकीतलं पाणी परत ओढलं जात नाही आणि आत पोकळी तयार होते. माझा होज सकाळी गोल असायचा, फक्त रेसवर दबायचा.

होज आतून मऊ पडला होता, नख रुतत होतं. कापडाचा थर असलेला नवा, जाड होज बसवला. तो दबत नव्हता. त्याच दिवशी पुन्हा दिवे घाट. काटा चढला, फक्त तीन वळणं उशिरा! मऊ होज अडथळ्यात भर घालत होता, पण मूळ दुखणं त्याच्या मागे होतं. पंपाला भरपूर पाणी मिळालं असतं, तर मऊ होजही एवढा आत ओढला गेला नसता.

आता रेडिएटर. गाडी गरम करून इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळीचा कोपरान्‌कोपरा तपासला. (चकचकीत धातूवर हे थर्मामीटर चुकीचं दाखवतं, तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.) वरचा होज ९४, जाळीचा मधला भाग ८० च्या आसपास आणि एका बाजूचा खालचा कोपरा ४६. गरम पाणी त्या कोपऱ्यात पोचतच नव्हतं.

रेडिएटर उतरवला. खालचं तोंड तळव्याने बंद करून पाणी भरलं आणि हात काढला: रिकामा व्हायला ११ सेकंद. नाना पेठेतल्या रेडिएटरवाल्याने रेडिएटरच्याच टाकीचा झाळ सोडवला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. नळ्यांच्या तोंडावर गिझरच्या कॉइलवर जमतो तसा पांढरा, कडक थर. तिसरा हिस्सा नळ्या पूर्ण बंद. मामा वर्षानुवर्षं बोअरचंच पाणी टाकत आले, त्या काळी सगळेच टाकायचे. रेडिएटरवाल्याने पट्टीसारखी सळई एकेका नळीतून फिरवली, दर वेळी खडूसारखी पूड बाहेर पडत होती. झाळ परत मारून रेडिएटर हातात आला तेव्हा तीच चाचणी घेतली. चार सेकंद.

बसवण्याआधी नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आणला आणि आईच्या जुन्या पातेल्यात दोरीला टांगून उकळला. थर्मामीटरवर ८३ दिसताना फट पडली, ९५ च्या आत पूर्ण उघडला. बसवताना त्याची छोटी हलणारी पिन वर ठेवली, हवा तिथून निसटते. इंजिन ब्लॉक तीनदा साध्या पाण्याने धुतला, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. अडकलेली हवा निघावी म्हणून पुढची चाकं उताराच्या वरच्या बाजूला, हीटर पूर्ण उघडा, कॅप काढलेली, आणि वरचा होज एकदम गरम होईपर्यंत थांबलो. काढलेलं कूलंट टबात धरा आणि झाकून ठेवा. ते गोड लागतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यानं मरतात.

परवा, दुपारी अडीच, बाहेर ३९ अंश, पुन्हा तिघं, तोच घाट, सेकंड गिअर. काटा अर्ध्याच्या किंचित वर गेला आणि तिथेच थांबला. माथ्यावर पंखा चालू झाला, दोन मिनिटांत बंद. मित्र काही बोलत होता, माझं सगळं लक्ष काट्यावर. मामांना तिथूनच फोन लावला.

एक गोष्ट बाकी आहे. जादा पाण्याच्या टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवलीय. आज सकाळी थंड गाडीत पाणी रेघेच्या पाव बोट खाली होतं आणि वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकाजवळ हिरवट ओल दिसली. ते भोक सील गेल्याचं सांगण्यासाठीच असतं. पंप आणि बेल्ट मागवलाय, पुढच्या रविवारी उघडतो.