‘मग काही फरक पडला का?’

घानाहून परत येऊन बरीच वर्षं झाली, तरी लग्नात, स्टाफरूममध्ये, एसटीत ओळखीचं कुणी शेजारी बसलं की हा प्रश्न येतोच. आधी खाण्यापिण्याची चौकशी, मग मलेरियाची, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून: तुझ्या शिकवण्यानं तिथं काही फरक पडला का? आजवर ‘हो, थोडाफार’ म्हणून मी सुटका करून घेतली. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगते.

खाण्याचं लवकर आटोपते. संध्याकाळी टी-झेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, भेंडीच्या बुळबुळीत कालवणात बुडवून. सकाळी बाजरीची आंबवलेली पेज आणि चवळीचे तळलेले वडे. बीडकडच्या माणसाला बाजरी कुठंच परकी वाटत नाही.

गाव उत्तर घानातल्या तामाले शहराच्याही उत्तरेला, दागोंबा लोकांचं. पहाटे अजान, पाठोपाठ हातपंपाचा आवाज. पाण्याला निघालं की दारादारापाशी थांबून ‘दासिबा’ म्हणायचं, ‘नाऽ’ असं उत्तर द्यायचं, घरच्यांची खुशाली विचारायची. तसंच पुढं गेलं तर लोकांच्या मनाला लागतं. ज्युनियर हायस्कूलच्या तिन्ही वर्गांचं गणित माझ्याकडे होतं. हरमॅटनचा, म्हणजे सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा सुटला की फळ्यावर लिहिण्याआधी धूळ पुसावी लागे आणि मुलांचे ओठ फुटून रक्त येई. बाजार दर सहाव्या दिवशी भरायचा, त्यामुळे दर आठवड्याला वार बदलायचा आणि त्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा. सुरुवातीला मी हजेरीपटावर राग काढला. पुढं बाजाराचे दिवस वहीत आखून घेतले आणि त्या दिवशी नवा धडा काढणं बंद केलं. फरक म्हणाल तर तो आधी माझ्यात पडला, पण तुम्ही ते विचारत नाही.

तिसऱ्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगणार नाही. बीजगणितात ती माझ्यापुढं धावायची. मी समीकरण लिहून होईतो तिचं उत्तर तयार असे. ती आत्याकडे वाढत होती. भावाची मुलगी बहिणीनं वाढवायची ही तिथली जुनी रीत, आणि अशा मुलीच्या लग्नाची भांडीही बहुधा आत्याच जमवते. २०१६ साली बीईसीई, म्हणजे ज्युनियर हायस्कूलची शेवटची परीक्षा तीन महिन्यांवर आली असताना ती कंपास पेटी आणि सराव परीक्षेच्या फीसाठी पैसे मागायला आली. मी साठ सेडी (तिथलं चलन) दिले. सोमवारी तिचं बाक रिकामं होतं. मंगळवारीही. त्या पैशाचं तिनं दक्षिणेकडच्या राजधानीचं, आक्राचं, बसचं तिकीट काढलं होतं.

मी तणतणत आत्याकडे गेले. सोबतचे शिक्षक दुभाषे. बाई शेंगा फोडत बसली होती, हात थांबला नाही. ती म्हणाली, “तू तिला वह्या दिल्यास. भांडी कोण देणार आहे?”

मी उत्तर द्यायला हवं होतं असं तेव्हा वाटलं. वहीत रात्री मोठ्या तावातावानं लिहिलं: ‘यांना मुलींचं भविष्य दिसतच नाही.’ ते पान अजून आहे. आज ते लिहिणाऱ्या बाईशी म्हणजे माझ्याशीच भांडावंसं वाटतं. उत्तरेत पाऊस वर्षातून एकदाच येतो. सुगी झाली की पुढच्या पावसापर्यंत शेतात काम नाही, म्हणून पोरी दक्षिणेला जातात आणि बाजारात डोक्यावर ओझी वाहतात. त्यांना कायायेई म्हणतात. आणि ती पास झाली असती तरी सीनियर हायस्कूलच्या बोर्डिंगला ट्रंक, गादी, खाऊची लाकडी पेटी, वर पैसे. सीनियर हायस्कूल मोफत झालं ते २०१७ साली नव्यानं दाखल होणाऱ्यांसाठी. तिची तुकडी त्याच्या आधीची. तिचा हिशेब चुकला होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण बरोबर होता असंही म्हणवत नाही. तिला गणित येत होतं हो. खरंच येत होतं.

परतीच्या आधी आक्रात अगबोगब्लोशीच्या बाजारात ती भेटली. मी शोधत होते, पण तिनंच मला आधी पाहिलं. डोक्यावर ॲल्युमिनियमचं मोठं घमेलं. मी काही बोलायच्या आत माझी बॅग उचलून तिनं त्यात ठेवली आणि ट्रोट्रोच्या, म्हणजे शेअर मिनीबसच्या थांब्याकडे चालू लागली. गर्दीत तिच्या पाठीकडे बघत मी मागं मागं. थांब्यावर बॅग उतरवली आणि माझा हात पर्समध्ये गेला. पैसे द्यावेत तर ती हमाल ठरते. न द्यावेत तर फुकट राबवून घेतलं. मी वीस सेडींची नोट काढली. तिनं कमरेच्या गाठीतून सुटे काढून मोजून सतरा परत केले. “एवढे होत नाहीत, मॅडम.” मग तिनं विचारलं, “गणिताच्या पेपरात काय आलं होतं?”

आठवतील तेवढे प्रश्न सांगितले. दोनांची उत्तरं तिनं तिथंच तोंडी दिली. ट्रोट्रो भरली, मी चढले.

काही मुलं पुढं शिकली, एक जण स्वतः शिक्षक झाला. हे मी सांगितलं की तुमचे चेहरे खुलतात, म्हणून आजवर तेवढंच सांगत आले. ‘रोख कशाला दिलीस, पेटीच घेऊन द्यायची’ असं मला नवऱ्यानं सांगितलंय, सहकाऱ्यांनी सांगितलंय, मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पेटी दिली असती तर ती थांबली असती? की दुसऱ्या कुणाकडून तिकीट काढून गेली असती, आणि मला कळलंही नसतं?

आता धारूर तालुक्यात शिकवते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या ट्रकमध्ये भांडी, गोधड्या आणि आमची मुलं चढतात. हंगामी वसतिगृह आहे, त्यात काही मागं राहतात, सगळी नाही. यंदा सातवीतली एक मुलगी टोळी निघायच्या आदल्या दिवशी कंपास पेटीचे पैसे मागायला आली. मी दिले. रोख.